लेखकाची भूमिका आणि वाचकाची मागणी

१

मराठीत ‘भूमिका’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. नट रंगमंचावर जे पात्र उभे करतो ती त्याची भूमिका. आणि एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर माणूस जी बाजू उघडपणे स्वीकारतो, तीही त्याची भूमिकाच. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या धानाच्या मुलखात, दिवाळीनंतर मंडया भरू लागतात, दंडारी होतात आणि रात्रभर चालणारी नाटके गावोगावी सुरू होतात. तेथील प्रेक्षकाला या दोन अर्थांमधला भेद नेमका ठाऊक असतो. रात्री ज्या खलनायकाला त्याने मनसोक्त शिव्या घातल्या, त्यालाच सकाळी चहाच्या टपरीवर तो आपुलकीने जागा करून देतो. सज्जनाचे काम उत्तम वठविणाऱ्या नटाने गावच्या भांडणात न्यायनिवाडा करावा, अशी त्याची अपेक्षा नसते.

सुशिक्षित रसिकाचे मात्र तसे नाही. ज्याच्या कवितेने, विनोदाने, गाण्याने किंवा खेळाने आपल्याला आनंद दिला, त्याने देशातील प्रत्येक बऱ्यावाईट घटनेवर आपले मत सांगितलेच पाहिजे, असे त्याला वाटते. ते सांगितले नाही तर ‘भित्रा’ आणि सांगितले पण ते आपल्या मताविरुद्ध निघाले तर ‘विकला गेलेला’, अशी दोनच विशेषणे त्याच्याजवळ तयार असतात. लेखकाच्या बाबतीत ही मागणी अधिक तीव्र होते. कारण लेखकाचे साधनच भाषा. ज्याला बोलता येते त्याने बोलले पाहिजे, असा हा सरळ हिशेब.

प्रस्तुत लेखात या मागणीचे स्वरूप तपासावयाचे आहे. ती मुळातच गैर आहे असे मला म्हणावयाचे नाही. मागणी करणारा स्वतः कोठे उभा आहे हा प्रश्न आपण, विशेषतः साहित्याचे अध्यापक, पुरेसा विचारीत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

२

या विषयाची चर्चा निघाली की मराठी माणसाला पहिली आठवण होते ती १९७५ च्या कराड साहित्य संमेलनाची. आणीबाणी लागू होऊन सहा महिने होत आले होते. वृत्तपत्रांवर नियंत्रणे होती. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्रिमंडळातील यशवंतराव चव्हाण आणि अध्यक्ष होत्या दुर्गा भागवत. तुरुंगवासातून आजारी अवस्थेत बाहेर आलेले जयप्रकाश नारायण त्या वेळी मुंबईच्या जसलोक रुग्णालयात होते. त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याकरिता उभे राहावे, असे आवाहन दुर्गाबाईंनी सभेला केले. आणि सभा उभी राहिली. पुढे १९७६ मध्ये दुर्गाबाईंना अटक झाली.

या प्रसंगाचा उल्लेख आपल्याकडे ‘लेखकाने भूमिका कशी घ्यावी’ याचा दाखला म्हणून वारंवार केला जातो, आणि तो रास्तच आहे. परंतु त्यातील दोन गोष्टींकडे सहसा लक्ष जात नाही. पहिली अशी की, दुर्गाबाईंकडून ही अपेक्षा वाचकांनी केलेली नव्हती. ‘ऋतुचक्र’ आणि ‘व्यासपर्व’ लिहिणारी, लोकसाहित्याच्या अभ्यासात आयुष्य घालविणारी ही विदुषी. तिने राजकारणावर बोलावे म्हणून कोणी मोर्चा नेला नव्हता. तिची भूमिका तिच्या स्वतःच्या कामातून आली होती. लिहिण्याचे स्वातंत्र्य ही तिची रोजची गरज होती, आणि त्या गरजेवर घाला आला तेव्हा ती बोलली.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कराडला मागणीची दिशा उलटी होती. तेथे श्रोत्यांनी लेखिकेला ‘उभ्या राहा’ असे सांगितले नाही, तर लेखिकेने श्रोत्यांना उभे केले. केंद्रीय मंत्री समोर असताना, त्या दिवसांत, जयप्रकाशांच्या नावाने उभे राहणे ही त्या सभेतील प्रत्येक शिक्षकाची, कारकुनाची, विद्यार्थ्याची स्वतःची कृती होती. आज आपण कराडचे स्मरण करतो ते एका व्यक्तीच्या धैर्याचे स्मरण म्हणून. उभ्या राहिलेल्या सभेला मात्र आपण विसरलो आहो. आपल्या अपेक्षेचे चित्र आता असे झाले आहे की, सभेने बसून राहावे आणि व्यासपीठावरील एकाने सर्वांच्या वतीने उभे राहावे.

साहित्यविचारातही हेच झाले. ‘बांधिलकी’ हा शब्द मराठी समीक्षेत स्थिरावला त्याच्या पाठीशी, दलित आणि मार्क्सवादी साहित्यविचारांप्रमाणेच, झाँ पॉल सार्त्रचे १९४७ मधील साहित्यविषयक विवेचनही होते. लेखकावर जबाबदारी टाकणारा विचारवंत म्हणून आपण सार्त्र उद्धृत करीत आलो. परंतु त्याच विवेचनात लेखन म्हणजे वाचकाच्या स्वातंत्र्याला केलेले आवाहन होय, असाही विचार आहे. आवाहन म्हटले की ते ऐकणाऱ्यावर काही करण्याचे दायित्व येते. बांधिलकीच्या चर्चेतील लेखकाचा अर्धा भाग आपण उचलला आणि वाचकाचा अर्धा भाग सोडून दिला.

३

कराडनंतर त्रेचाळीस वर्षांनी आपल्या विदर्भातच तशीच कसोटीची वेळ आली. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे भरणाऱ्या संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना निमंत्रण देण्यात आले होते. इंदिरा गांधींच्या आतेबहीण असूनही आणीबाणीला विरोध करणाऱ्या आणि २०१५ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार परत करणाऱ्या या लेखिकेचे वडील रणजित पंडित मराठी कुळातले होते. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेला मराठी संमेलनात का बोलाविले, असा आक्षेप एका राजकीय पक्षाच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी घेतला, संमेलन उधळण्याची भाषा झाली, आणि निमंत्रण मागे घेण्यात आले. त्यानंतर अनेक निमंत्रित लेखक-कवींनी बहिष्कार जाहीर केला. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. अखेर उद्घाटन केले ते आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे यांनी. आणि अध्यक्ष अरुणा ढेरे यांनी आपल्या भाषणात निमंत्रण मागे घेण्याच्या कृतीबद्दल नापसंती स्पष्ट शब्दांत नोंदविली.

त्या आठवड्यात आमच्या पदव्युत्तर वर्गात दुसरा विषय नव्हता. अध्यक्षांनी जावे की जाऊ नये यावर दोन तट पडले. न जाणे हाच निषेध, असे एका गटाचे म्हणणे. जाऊन व्यासपीठावरून बोलणे हा अधिक अवघड निषेध, असे दुसऱ्याचे. चर्चा रंगली असता एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, तुम्हीही जाणार होता ना? मग आता?’’ मी प्रतिनिधी म्हणून नाव नोंदविले होते. मी गेलो नाही. आणि ‘मी जाणार नाही’ हे मी वर्गात काहीशा अभिमानाने सांगितले.

आज त्या अभिमानाचा हिशेब मांडताना असे दिसते की, माझ्या न जाण्याने कोणाचेही काही बिघडले नाही, माझे तर नाहीच. माझी खुर्ची दुसऱ्या कोणाला मिळाली असेल. उलट, जे निमंत्रित कवी गेले नाहीत त्यांनी एक मोठे व्यासपीठ गमावले. ज्यांनी पद सोडले त्यांनी पद गमावले. आणि ज्या गेल्या व बोलल्या त्या अध्यक्षांनी दोन्ही बाजूंची नाराजी पत्करली. या सर्वांच्या कृतीत किंमत होती. माझ्या बहिष्कारात ती नव्हती. तरीही अरुणाताईंनी काय करावयास हवे होते याविषयी माझे मत अत्यंत ठाम होते. चाहत्याची मागणी ज्या मनःस्थितीतून जन्म घेते ती हीच. स्वतःला न परवडणारे धैर्य आपण दुसऱ्याच्या नावावर खर्ची घालतो.

४

‘भूमिका घ्या’ या मागणीचे आणखी एक लक्षण आहे. मागणारा बहुधा भूमिका मागत नसतो. आपलीच भूमिका मोठ्या आवाजात ऐकू इच्छित असतो.

फेब्रुवारी २०२१ मधील घटना या दृष्टीने बोलकी आहे. दिल्लीच्या सीमेवर शेतकऱ्यांचे आंदोलन सुरू होते. रिहाना या परदेशी गायिकेने त्याविषयी एका ओळीचा प्रश्न उपस्थित केल्यावर लता मंगेशकर आणि सचिन तेंडुलकर यांनी देशाच्या ऐक्याचा आशय असलेले संदेश समाजमाध्यमावर प्रसिद्ध केले. हे दोघेही राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्य राहिलेले, लताबाई १९९९ ते २००५ आणि तेंडुलकर २०१२ ते २०१८ या काळात. आणि सार्वजनिक प्रश्नांवर ते बोलत नाहीत ही तक्रार फार जुनी. आता ते बोलले. ज्यांची तक्रार होती त्यांच्यापैकी अनेकांना ते मुळीच रुचले नाही. आणि ‘कलावंताने, खेळाडूने राजकारणात पडू नये’ असे एरवी म्हणणाऱ्यांना ते एकाएकी अत्यंत योग्य वाटले. त्या संदेशांचा आशय मला स्वतःला पटला नव्हता. परंतु तो न पटणे हा मतभेद झाला. ‘तुम्ही बोलतच नाही’ या जुन्या आरोपाचे मग काय झाले, याचे उत्तर मतभेदातून मिळत नाही.

साहित्यात या संदर्भातील सर्वांत अवघड उदाहरण नामदेव ढसाळांचे आहे. ‘गोलपिठा’ आणि दलित पँथर या दोन्हींचे वर्ष १९७२. ढसाळांनी भूमिका घेतली नाही असे त्यांचा शत्रूही म्हणणार नाही. परंतु त्याच कवीने १९७६ मध्ये इंदिरा गांधींवर ‘प्रियदर्शिनी’ ही दीर्घ कविता लिहिली आणि उत्तरायुष्यात शिवसेनेशी जवळीक केली. त्यांच्यावर जीव टाकणाऱ्या वाचकांना हा विश्वासघात वाटला. त्यांची वेदना खरी होती, कारण ‘गोलपिठा’ने त्यांना जे दिले होते ते खरे होते.

अध्यापक म्हणून माझी चिंता पुढची आहे. अलीकडे पदव्युत्तर विद्यार्थी ढसाळांची कविता वाचण्याआधीच ‘सर, ते शेवटी कोणाच्या बाजूला होते?’ असे विचारतो. उत्तर मिळाले की कविता वाचण्याची त्याची निकड संपते. प्रबंधांतही हेच दिसू लागले आहे. ‘अमुक यांची सामाजिक भूमिका’ या शीर्षकाखाली भाषणे, मुलाखती आणि वृत्तपत्रांतील पत्रे यांची कात्रणे जमविली जातात, आणि ज्या कवितांमुळे ती भाषणे कोणी ऐकली त्या कवितांच्या वाट्याला एक प्रकरण, तेही आशयसूत्रांच्या यादीपुरते, येते. लेखकाची भूमिका हा वाचनाला पर्याय झाला की साहित्याच्या विभागाचे प्रयोजनच उरत नाही.

५

मग वाचकाने लेखकाला काही विचारूच नये काय? तसे म्हणणे म्हणजे कलावंताला देव्हाऱ्यात बसवून मोकळे होणे. जो समाजाचे प्रेम घेतो, शासनाचे सन्मान घेतो, सभागृहाचे सदस्यत्व घेतो, त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार समाजाला आहेच. मौनही कित्येकदा सत्तेच्या पदरात पडणारे मत असते, हे आणीबाणीने आपल्याला शिकविले आहे. प्रश्न असा की, हा अधिकार कोठून येतो आणि तो कोठपर्यंत जातो.

माझ्या मते तो लेखकाच्या कामातून येतो. आपल्या आवडीतून नव्हे. ज्याने आपल्या लेखनातून माणसाच्या मोकळेपणाचा पुरस्कार केला, त्याला तो मोकळेपणा दडपला जात असताना ‘तुम्ही लिहिले त्याच्या पाठीशी तुम्ही आहात काय?’ असे विचारता येते. हा वाचकाचा प्रश्न झाला. ‘मला तुम्ही आवडता, म्हणून मला जे वाटते ते तुम्ही बोला’ ही चाहत्याची मागणी झाली. पहिल्या प्रश्नाला संहितेचा आधार आहे. दुसरीला केवळ हट्टाचा.

पु. ल. देशपांडे यांच्या सार्वजनिक वर्तनाचा उलगडा याच रीतीने होतो. १९७७ च्या निवडणुकीत ते जनता पक्षाच्या प्रचारसभांतून बोलले आणि निवडणूक संपल्यावर कोणतेही पद न घेता आपल्या कामाकडे परतले. १९९६ मध्ये पहिला ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार त्यांना युती शासनाच्या काळात मिळाला, तेव्हा लोकशाहीची टवाळी करणाऱ्या सत्ताधाऱ्यांच्या भाषेविषयी त्यांनी जाहीरपणे खंत व्यक्त केली आणि शिवसेनाप्रमुखांचा रोष ओढवून घेतला. या दोन्ही प्रसंगी ते ज्याविषयी बोलले ते त्यांच्या लेखनाबाहेरचे नव्हते. जो आयुष्यभर माणसांच्या तऱ्हांवर प्रेमाने हसला, त्याला हसण्याची मुभा काढून घेणारी व्यवस्था सहन होणार नाही, हे त्यांचे पुस्तक नीट वाचणाऱ्याला आधीच कळावयास हवे होते. ज्यांना आश्चर्य वाटले त्यांनी पु. ल. फक्त हसण्यापुरते वाचले होते.

अलीकडचे उदाहरण डिसेंबर २०२२ मधील. कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला राज्य शासनाचा पुरस्कार जाहीर झाला आणि काही दिवसांतच तो रद्द करण्यात आला. त्यावर भाषा सल्लागार समितीचे अध्यक्षपद लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोडले. प्रज्ञा दया पवार, नीरजा, हेरंब कुलकर्णी हे साहित्य संस्कृती मंडळातून बाहेर पडले. शरद बाविस्कर यांनी ‘भुरा’ला मिळालेला पुरस्कार नाकारला. येथे कोणी जगातील सर्व अन्यायांवर निवेदन काढले नाही. पुस्तक, पुरस्कार, परीक्षक समिती हे लेखकाचे स्वतःचे क्षेत्र. तेथे गैर घडले तेव्हा त्यांनी हातातले काहीतरी सोडले. आपल्याच क्षेत्रात आणि आपल्याच खर्चाने घेतलेली भूमिका ती हीच. लेखकाकडून एवढे मागण्याचा अधिकार वाचकाला आहे असे मला वाटते. त्याहून अधिक मागितले तर ते निवेदनांचे उत्पादन होते.

६

आता प्रश्न आपल्याकडे वळतो. लेखकाचे क्षेत्र पुस्तक असेल तर अध्यापकाचे क्षेत्र कोणते?

गोंदियाहून हावड्याच्या दिशेने गाडी निघाली की डोंगरगड मागे टाकून राजनांदगाव येते. तेथील दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवीत होते. मराठी घरातला हा हिंदी कवी. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले कवी-समीक्षक. समोरच्या माणसाला ‘तुझे राजकारण कोणते’ असा थेट प्रश्न करणारे म्हणून मुक्तिबोधांची ख्याती आहे. पण तो प्रश्न ते दूरच्या नामवंताला विचारीत नसत. सोबत्याला, बरोबरीच्याला विचारीत, आणि त्यांची कविता साक्षी आहे की, सर्वांत कठोरपणे तो स्वतःला विचारीत. लहान गावातील या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांसाठी भारताच्या इतिहास-संस्कृतीवर एक पाठ्यपुस्तक लिहिले. १९६२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने त्यावर बंदी घातली. हा घाव त्यांना खोल लागला. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची भूमिका वर्गातल्या पुस्तकात होती आणि किंमतही त्याच पुस्तकाने मोजविली.

हे लिहीत असता मला एक प्रसंग सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या वार्षिकांकाच्या संपादक मंडळावर मी होतो. एका विद्यार्थ्याने कविता दिली होती. खरेदी केंद्रावर धान टाकून महिने लोटले तरी चुकारे न मिळालेल्या बापाविषयी. कविता कच्ची होती, पण खरी होती. प्रकाशनसमारंभाला एक लोकप्रतिनिधी येणार असल्याने ‘या वर्षी राहू द्या’ असे बैठकीत कोणीतरी सुचविले. कोणी धमकी दिली नव्हती, कोणाचा दूरध्वनी आला नव्हता. कविता निघाली, अंतिम मजकुरावर इतरांबरोबर माझीही सही झाली. विद्यार्थ्याने काही विचारले नाही. त्याच वर्षी मी एका चर्चासत्रात ‘मराठी लेखकाचे मौन’ या विषयावर निबंध वाचला होता, आणि तो चांगला झाला असे सर्वांनी सांगितले होते.

यवतमाळला न जाणे ही माझी भूमिका नव्हती. माझी भूमिका त्या बैठकीत होती, आणि ती मी घेतली नाही. दुर्गाबाईंना कराडला जे करावे लागले त्याच्या शतांशानेही ते कठीण नव्हते. ‘कविता राहू द्या’ एवढे तीन शब्द पुरले असते. आणि योगायोग असा की ‘राहू द्या’ हेच शब्द तेथे उलट अर्थाने वापरले गेले.

आपण सारे अशाच बैठकांतून बसतो. अभ्यासमंडळात एखादे पुस्तक ‘वाद नको’ म्हणून वगळले जाते, प्रबंधाचा विषय ‘अडचणीचा’ म्हणून बदलला जातो, पाहुण्यांच्या यादीतून एक नाव गळते. वृत्तपत्रात त्यातले काही येत नाही. तेथे आपण गप्प राहतो आणि संध्याकाळी एखाद्या नामवंताच्या मौनावर तावातावाने बोलतो. चाहत्याच्या मागणीला एवढा जोर कोठून येतो, याचे एक उत्तर येथे आहे. आपल्या न घेतलेल्या भूमिकांची भरपाई आपण आवडत्या माणसाकडून मागत असतो.

म्हणून सूचना दोनच. लेखकाच्या भूमिकेवर संशोधन करणाऱ्याने आधी त्याचे लेखन वाचावे आणि प्रश्न त्यातून काढावा. आणि लेखकाला प्रश्न विचारणाऱ्या अध्यापकाने, ज्या वर्गात, ज्या मंडळात आपला शब्द चालतो तेथे तो शब्द आपण उच्चारला काय, हे तपासून मग विचारावे. यामुळे प्रश्न कमी होतील असे नाही. त्यांना वजन येईल.

ती कविता माझ्याजवळ आहे. कवी आता शिक्षण संपवून घरची शेती पाहतो. त्याची संमती घेऊन ती येत्या वार्षिकांकात छापावी असा लेखी प्रस्ताव मी दिला आहे. या लेखातील मतांशी सहमत नसलेल्या अभ्यासकांनी प्रतिवाद अवश्य करावा.